पाताळगंगेचा वाटा

सोमवार होता, सकाळचे साडेसहा वाजले होते आणि मांडवखेड्याच्या माळावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. बोरीहून माणसं बैलगाड्या जुंपून आली होती, जिंतूरहून जीप भरभरून आल्या होत्या, एक कुटुंब तर थेट पाथरीहून मुक्कामाला आलं होतं. साल एकोणीसशे सत्त्याऐंशी, महिना चैत्र. आदल्या पावसाळ्यानं तोंड दाखवलं आणि पाठ फिरवली होती. गावातल्या विहिरींचे तळ उघडे पडले होते. आणि जिथं कुसळसुद्धा धड उगवत नाही अशा त्या मुरमाड माळावर, एका पडक्या, कोरड्या, पायऱ्यांच्या विहिरीभोवती, दोन हजार माणसं टाळ्या पिटत उभी होती.

विहिरीत मधोमध लाकडी चौरंग मांडलेला. त्यावर जलेश्वर महाराज. दाढी छातीपर्यंत, अंगाला भस्म, गळ्यात रुद्राक्षाच्या इतक्या माळा की मान वाकलेली. समोरच्या भिंतीत दगडी गोमुख बसवलेलं, त्याच्या कडेचं सिमेंट अजून नवंकोरं. महाराजांनी शंख फुंकला, वर ढोल-ताशा सुरू झाला, आणि महाराजांचे मंत्र सुरू झाले. अर्धं संस्कृत, अर्धं हिंदी, आणि मधूनमधून आमच्याच गावच्या म्हसोबाचं नाव. घाम फुटेपर्यंत ते ओरडले. मग त्रिशूळ गोमुखावर आपटला.

गोमुख आधी दोनदा खोकलं. फसफस करून थोडी हवा सुटली. मग एक गढूळ पिचकारी उडाली आणि पाठोपाठ मनगटाएवढी धार कोसळू लागली.

"आली! पाताळगंगा आली!"

माझ्या शेजारी मुंजाजी उभा होता, ग्रामपंचायतीचा शिपाई. त्याचे डोळे भरून आले होते. "बघा भाऊसायेब," तो म्हणाला, "देव खाकरला!"

मी या गावचा ग्रामसेवक. भाऊसाहेब ही पदवी ग्रामसेवकाला पगाराशिवाय मिळणारी एकमेव गोष्ट. देव खाकरला तेव्हा मला वाटून गेलं की हा खोकला आपण कुठंतरी ऐकलाय. पण आठवेना. लाज वाटते ती याची, की त्या दोन हजारांत निम्मे तरी बागाईतदार होते. मोटार सुरू केल्यावर पाईपातली हवा अशीच खोकते, हे त्यांनी जन्मभर ऐकलेलं. पण माणूस हात जोडून उभा राहिला, की स्वतःच्या कानांवरचा त्याचा विश्वास सगळ्यांत आधी उडतो.

धार वाहू लागली की महाराजांचं प्रवचन सुरू होई. तीर्थाचे तांबे हातोहात वर जायचे आणि खालून आवाज घुमायचा.

"बोला, सोनं पिता येतं का?"

"न्हाई!"

"कापूस पिता येतो का?"

"न्हाई!"

"मग बाळांनो, कशात घालता तुमची दौलत? माझं वचन लिहून ठेवा. वीस सालांनी लोक पाणी बाटलीत भरून विकत घेतील!"

यावर सगळा माळ खदाखदा हसला. महाराजही हसले.

"हसा. आज हसा. उद्या ज्याच्याजवळ पाणी, तो राजा. पाताळगंगा आटत नाही, सुकत नाही, तिला बापजन्मी दुष्काळ नाही. आज तिचा वाटा घ्याल, तर नातू-पणतू गादीवर बसून खातील. पैसा नको मला. पैसा हा मळ आहे. आम्ही पैशाला शिवत नाही."

ते खरंच पैशाला शिवत नव्हते. ते जमिनीला शिवत होते, आणि तेही स्वतःच्या हातानं नाही. तो सगळा माळ दिनकररावांचा. दिनकरराव गावचे माजी सरपंच, पांढरं धोतर, तोंडात कायम अदबीची भाषा. महाराजांच्या आज्ञेवरून म्हणे ते एवढा मोठा त्याग करायला तयार झाले होते. ओढ्याकाठची एक एकर काळी जमीन द्या आणि माळावरची दहा गुंठे घ्या, पाताळगंगेच्या कायमच्या हक्कासकट. आश्रुबा नावाच्या माणसानं सगळ्यांच्या आधी धावत जाऊन दस्त करून टाकलाही होता. आणखी अकरा कुटुंबांचे कागद तयार होते. त्यांची नोंदणी पंधरवड्यानंतरच्या गुरुवारी जिंतूरला व्हायची होती.

त्या अकरांत धुरपताबाई होती. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, दोन्ही लेकी लग्न होऊन सासरी गेलेल्या, ओढ्याला लागून तीन एकर काळीभोर जमीन. मी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"धुरपताबाई, ही जमीन सोडू नका. ओढ्यावर बांध घालायची योजना आपली मंजुरीला गेलीय. गावानं श्रमदानाची हमी दिली की काम सुरू होईल. पाणी अडलं, जिरलं, की चार-पाच वर्षांत तुमच्या विहिरीला बारमाही पाणी राहील."

"चार-पाच वर्सांत!" ती हसली. "भाऊसायेब, तुमचं पाणी कागदावर हाय. महाराजाचं पाणी म्या या वंजळीत घेतलंय. काळी जमीन काय चावून खाऊ? सांगा की."

बांधाच्या कामासाठी मी त्या महिन्यात दोनदा ग्रामसभा बोलावली होती. पहिल्या सभेला सात माणसं आली, दुसरीला तीन, आणि त्या तिघांतला एक मुंजाजी होता. दर सोमवारी त्याच गावातली माणसं माळावर उन्हात चार-चार तास उभी राहत होती.

शनिवारी दुपारी सरजाबाई पंचायतीच्या दारात येऊन उभी राहिली. ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतली, पंचेचाळिशीची, मोलमजुरी करणारी बाई. बोलणं कमी आणि नजर सरळ. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत वस्तीतली घरं जळाली, त्यांत तिचंही होतं. त्यानंतर गावच्या विहिरीवरचं उरलंसुरलं येणंजाणंही तुटलं, आणि सरकारनं वस्तीसाठी वेगळी विहीर खोदून दिली. तिच्यापासून पन्नास हातांवर दिनकररावांची शेतातली विहीर. ती आटली म्हणून त्यांनी दिवाळीपासून वर पत्रे टाकून, काटे लावून बंद केलेली.

"भाऊसायेब, आमच्या हिरीचं पाणी खाली जायलंय."

"उन्हाळा आहे, सरजाबाई. सगळीकडंच जातंय."

"उन्हाळा काय फकस्त सोमवारीच येतो का?"

मी वर पाहिलं.

"म्या पायऱ्या मोजायलेय," ती म्हणाली. "ऐतवारी सांजंला सातवी पायरी पाण्यात आसती. सोमवारी दुपारी नववी उघडी पडती. मंगळवारी, बुधवारी हळूहळू पाणी पुन्ना वर चढतं. चार सोमवार झाले. उन्हाळा आसता तर पाणी वर कामून चढलं आसतं?"

खरं सांगतो, तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी बी.ए. झालेला, आणि ती अंगठा उठवणारी. पण चार आठवडे पायऱ्या तिनं मोजल्या होत्या, आणि मी न पाहताच 'उन्हाळा' म्हणून मोकळा झालो होतो. शेजारच्या गावात गॅस्ट्रोची लागण होती, तेव्हा उद्या येऊन विहिरीत औषध टाकतो, एवढं सांगून मी तिला वाटेला लावलं.

औषध म्हणजे टीसीएल, ती पांढरी, नाकाला झोंबणारी पावडर. ती टाकायचं काम खरं मुंजाजीचं. पण मुंजाजी वस्तीच्या विहिरीवर जात नसे. पुडी लांबून ठेवून परत यायचा, कारण काय तर विटाळ. म्हणून रविवारी संध्याकाळी मी स्वतः गेलो आणि साथीचे दिवस म्हणून दुप्पट पावडर टाकली.

दुसऱ्या दिवशी मी माळावर होतो. गोमुख खोकलं, धार पडली, गर्दी लोटली. मुंजाजीनं मोठ्या भक्तीनं माझ्या ओंजळीत तीर्थ ओतलं. मी ओंजळ तोंडाजवळ नेली आणि थबकलो. वास आला. अगदी आदल्या संध्याकाळी माझ्या हाताला येत होता तोच.

मी पुढं होऊन विचारलं, "महाराज, या पाण्याला वास कसला?"

महाराजांनी डोळे अर्धवट उघडले. "पाताळात गंधकाच्या खाणी आहेत, बेटा. शेषाचा श्वास त्यांतून येतो."

"शेषाचा श्वास!" मुंजाजी माझ्या कानाशी पुटपुटला आणि त्यानं तो श्वास खोल ओढून घेतला. टीसीएलची पोती याच्या खोलीत, वर्षाचे बारा महिने हा त्यांच्या शेजारी झोपणारा. पण तिथं त्याला कधी शेष दिसला नव्हता.

मी तडक वस्तीत गेलो. सरजाबाई विहिरीच्या काठावरच बसली होती. नववी पायरी कोरडी होती आणि दहावीही अर्धी उघडी पडली होती. मी तिला वासाची गोष्ट सांगितली.

"मंजी आमचंच पाणी तिकडं जायलंय," ती म्हणाली. "मला वाटलंच व्हतं. त्या पत्र्याखाली काईतरी घूं घूं करतं. दिवाळीत दिनकररावानं भायेरची टोळी आणून बांधानं चर खांदला अन् लगेच बुजवला. इचारलं तर म्हणला, कुंपणाचा हाय. कुंपण अजून न्हाई."

"मग हे गावाला सांगायला हवं."

"तुमचं कोण ऐकंल? अन् माझं तर बोलूच नका."

तेही खरंच. वासाचा पुरावा शेषानं गिळला होता. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं होतं. माझ्या कपाटात विहिरीत टाकायच्या लाल औषधाचा डबा होता, पोटॅश परमँगनेटचा. चिमूटभरानं बादली गुलाबी होते. डबाभर टाकलं तर?

मी बेत सांगितला. सरजाबाईनं लगेच होकार दिला नाही.

"भाऊसायेब, हे उलटलं तर तुमची बदली व्हईल. आमचं घर जळंल."

मग तीच उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "पण पाणीच गेल्यावर घर ठेवून तरी काय करायचं? आना तुमचं औषध. बायांनी सकाळचं पाणी भरून घेतलं, की टाका."

पुढचा सोमवार हा महासोमवार होता. गुरुवारच्या नोंदणीआधीचा शेवटचा. मुहूर्त सकाळी सातचा. महाराजांचे मुहूर्त कधी सकाळी सात, कधी दुपारी दोन असे बदलत, आणि ते पंचांगात कुठंही सापडत नसत. गावात शेतीची लाईट कधी असते याचा कागद पंचायतीच्या भिंतीवर लावलेला होता. मी तो त्या दिवशी पहिल्यांदा महाराजांच्या मुहूर्तांशी ताडून पाहिला. एकही मुहूर्त चुकला नव्हता.

उजाडता उजाडता वस्तीतल्या बायांनी घागरी भरून घेतल्या. मी डबा विहिरीत रिकामा केला, सरजाबाईनं बांबूनं पाणी ढवळलं. पाणी जांभळट लाल झालं. मग मी माळ गाठला.

शंख वाजला, ढोल वाजला, त्रिशूळ आपटला. गोमुख खोकलं, आणि लालभडक धार पडली.

सगळा माळ एकदम चिडीचूप झाला. मी महाराजांकडं पाहत होतो. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. भस्माखालीही चेहरा उतरलेला कळला. मी पुढं सरकलो, आता बोलायचं म्हणून घसा साफ केला. तेवढ्यात मागून एक बाई किंचाळली:

"कुंकू! देवीचं कुंकू!"

बस. एवढा एक शब्द महाराजांना पुरला. ते ताडकन उठून उभे राहिले आणि हात वर करून गरजले, "पाताळदेवीनं आज कुंकवानं पाय धुतले! बारा वर्षांतून एकदा! आज जो वाटा घेईल त्याला दुप्पट पाणी!"

दोन हजार माणसं गोमुखाकडं लोटली. मी ओरडत होतो, "अहो, हे औषध आहे! लाल औषध!" पण माझा आवाज ढोलात बुडाला. मुंजाजीनं कपाळावर लाल पट्टा ओढला आणि माझ्याही कपाळाला बोट लावलं. खोटेपणा उघडा पाडायला मी जो पुरावा आणला, त्याचाच गावानं नवा चमत्कार केला. आयुष्यात मी कधी इतका मूर्ख ठरलो नाही.

गर्दीत धुरपताबाई सगळ्यांच्या पुढं होती. तिनं ओंजळ पुढं केली. महाराजांनी तिच्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं आणि त्रिशूळ आडवा धरला.

"तू मागं हो, बाई. कुंकवाचं पाणी आहे. रंडकीचा हात लागला तर देवी कोपेल."

"पर महाराज, माझी तीन एकर..."

"जमिनीचा कागद गुरुवारी. आज मागं हो."

बायांनीच तिला खांद्याला धरून मागं सारलं. जिची जमीन चालत होती तिची ओंजळ चालत नव्हती. ती पायरीच्या कडेला उभी राहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं तिच्या. ओंजळ मात्र तशीच पुढं धरलेली, रिकामी.

वस्तीतल्या माणसांना माळावर लांब, बाभळीखाली उभं राहायला लावत. तिकडून आता एक खणखणीत आवाज आला. सरजाबाई दगडावर चढून उभी होती.

"देवी आमच्याबी हिरीत आलीय! असंच लाल पाणी हाय! तितं रंडकीला मज्जाव न्हाई, कुणालाच न्हाई! यायचं त्यानं या!"

ढोल थांबला. माणसं एकमेकांकडं बघू लागली. दिनकरराव गर्दीतून ओरडले, "ये बाई, खाली उतर! तमाशा करू नको!"

पण धुरपताबाई चालायला लागली होती. माळ उतरून, ओढ्याकडं, मागं न बघता. तिच्यामागं दोघी गेल्या, मग दहा, मग शंभर. एका चमत्कारानं पोट भरत नाही माणसाचं, शेजारी दुसरा फुकट मिळतोय म्हटल्यावर निम्मा माळ ओढा ओलांडून वस्तीच्या विहिरीवर जमा झाला. ज्या वाटेनं ही माणसं जन्मात गेली नव्हती, त्या वाटेनं ती धावत गेली.

विहिरीत तेच पाणी होतं. तोच रंग. आणि ते डोळ्यांदेखत खाली चाललं होतं. दहावी पायरी उघडी पडली, मग अकरावी. अकराव्या पायरीच्या सपाटीला, दिनकररावांच्या शेताकडच्या भिंतीत, एक गोल भोक दिसू लागलं. मूठ जाईल एवढं. यंत्रानं पाडलेलं, गुळगुळीत. लाल पाणी भोवरा करून त्या भोकात शिरत होतं आणि चूळ भरल्यासारखा आवाज येत होता.

"आडवं बोअर हाय," एक म्हातारा शेतकरी हळूच म्हणाला. "इकडून तिकडं."

मी मनात म्हटलं, आता कळलं. आता चिडतील, महाराजाला धरायला धावतील.

चिडले. पण कशावर?

"मंजी..." गर्दीतला एकजण म्हणाला, "मंजी आमी हितलं पाणी पेलाव? ह्या हिरीचं?"

ही पहिली हाक. दुसऱ्यानं थुंकायला सुरुवात केली. तिसऱ्यानं बायकोच्या हातातला तीर्थाचा तांब्या हिसकून फेकला. मुंजाजीनं तर घशात बोटं घातली. जमीन लुटली जात होती त्याचं काही नाही, महिनाभर एका भोंदूनं वेड्यात काढलं त्याचं काही नाही. बाटलो, हीच बोंब. मला आजही त्या क्षणाची जितकी किळस वाटते तितकी त्या दाढीवाल्याची वाटत नाही. तो निदान जे करत होता ते जाणून करत होता.

सरजाबाई विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. तिचा आवाज चढला नाही.

"सहा सोमवार पेलाव. देवाचं म्हणून पेलाव, पोरासोरांला पाजलाव, पाहुण्याला बाटल्या भरून दिल्या. कुणाला काय झालं? सांगा की. कुणाचं काय झडलं?"

थुंकणारी तोंडं थांबली. खरंच कुणाला काही झालं नव्हतं.

धुरपताबाई मात्र या गलक्यात नव्हती. तिनं भोक पाहिलं, भोकाची दिशा पाहिली आणि ती तरातरा दिनकररावांच्या बंद विहिरीकडं गेली. काट्यांची फांदी तिनं नुसत्या हातानं ओढून बाजूला टाकली. तळवा फाटला, रक्त आलं. मग दोघा-तिघांनी पत्रे उचलले. खाली मोटार चालू होती. तिचा जाड काळा पाईप जमिनीखालून थेट माळाच्या दिशेनं गेलेला.

दिनकरराव धापा टाकत येऊन पोचले. "हात लावू नका! करंट लागंल!"

"कुठं हाय हिचं बटण?" धुरपताबाईनं मला विचारलं. मी स्टार्टरवरचं लाल बटण दाखवलं. तिनं ते रक्ताळलेल्या बोटानं दाबलं.

घूं घूं थांबली. आम्ही सगळे माळाकडं बघत उभे राहिलो. तिथं अजून उरलेली माणसं होती आणि ढोल पुन्हा सुरू झालेला होता. तो आणखी थोडा वाजला. मग अडखळला. मग एक मोठा गलका उठला. गोमुखाची धार बसली होती.

महाराजांनी कुणातरी विटाळशी बाईवर ठपका ठेवून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला म्हणतात. पण एव्हाना खालची माणसं वर पोचू लागली होती. पाताळातून गंगा आणणाऱ्या त्या महापुरुषाला शेवटी बोरीच्या रस्त्यावर धावत जाऊन एसटीला हात करावा लागला. कंडक्टरनं घेतलं नाही. पोरांनी धरून आणलं, फौजदार आले. दाढीचा निम्मा भाग डिंकानं चिकटवलेला निघाला. मूळ नाव चंद्रभान. लातूरकडं बोअरच्या गाडीवर कामाला होता. आडवे बोअर पाडण्यात हात बसलेला. मंत्र बसस्टँडवरच्या चोपडीतले.

"मलाबी ह्यानं फसवलं, दादांनो," दिनकरराव हात जोडून म्हणाले. "मी तर साधा भाविक माणूस."

आणि काही माना डोलूही लागल्या! दिनकररावांच्याच विहिरीत त्यांच्याच मोटारीनं त्यांना फसवलं, हे लोकांना पटत होतं. तेव्हा मी पंचायतीत गेलो, कपाटातला बांधाचा नकाशा काढला आणि चावडीवर पसरला. ओढ्यावर कुठं बांध येणार, पाणी कुठपर्यंत तुंबणार, कुणाकुणाच्या विहिरींना पाझर लागणार, सगळं त्यात होतं. ती शेतं मी एकेक करून वाचून दाखवली. आश्रुबाचं शेत. धुरपताबाईचं. बाकीच्या दहा जणांचं. अदलाबदलीच्या यादीत होती तीच शेतं, एक कमी नाही, एक जास्त नाही. हा नकाशा दिनकररावांनी भाद्रपदात माझ्याकडून घरी नेला होता आणि पंधरा दिवसांनी परत केला होता. मीच दिला होता, माजी सरपंच म्हणून, चहा पिऊन. हा माझा वाटा, तो मी लपवत नाही.

म्हणजे त्या गावात पाण्याचं भविष्य एका माणसाला बरोबर कळलं होतं. पुढच्या वीस वर्षांत पाणी दुर्मीळ होणार आणि ओढ्याकाठची जमीन सोन्याची होणार, हे दिनकररावांनी नकाशा वाचून हेरलं. बाकीच्यांना त्यांनी गोमुख वाचायला बसवलं.

आश्रुबा उठला आणि त्यानं विचारलं, "भाऊसायेब, माझ्या कागदाचं आता काय?" तो पुढं सात वर्षं जिंतूरच्या कोर्टाच्या तारखा करत राहिला. दिनकररावांवर चोरीची फिर्याद झाली आणि साक्षीदार फिरले. चंद्रभानला काही महिन्यांची शिक्षा झाली. बाकी अकरा कागद मात्र फाटले.

त्या आठवड्यात गावातल्या काही घरांत गोमूत्र शिंपडून शुद्धी झाली. धुरपताबाईच्या दारात भटजी आले तेव्हा तिनं त्यांना ओट्यावरूनच परतवलं. "सहा हप्ते पोटात राह्यलं ते पाणी," ती म्हणाली. "त्यानंच जगले. आता कुटं धुऊ?"

ग्रामसभा मी तिसऱ्यांदा बोलावली. पहिली येऊन बसली ती धुरपताबाई, तिच्या शेजारी सरजाबाई. त्या दिवशी मोजून एकेचाळीस माणसं होती. एकेचाळीस म्हणजे गाव नव्हे, पण श्रमदानाच्या हमीला तेवढी पुरली. बांध पुढच्या पावसाच्या तोंडावर पुरा झाला. वस्तीच्या विहिरीतलं भोक सिमेंटनं बुजवायला गावातला गवंडी मिळेना, ते सरजाबाईनं आणि मी मिळून बुजवलं.

आणि माळावरचं गोमुख? ते तिथंच आहे. कोरडं ठणठणीत. तरी सोमवारी कुणीतरी नारळ फोडून जातं. मुंजाजीला मी विचारलं तर म्हणाला, "न जानो, कधी खाकरंल!"

पण वाचकहो, तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. पाणी मंत्रानं निर्माण होत नाही. ते आभाळातून पडतं, जमिनीत जिरतं, आणि जो अडवतो त्याला मिळतं. याखेरीज दुसरा मार्ग कुणी दाखवत असेल तर हात जोडू नका, पाय उचला. तो पाईप कुठून येतो ते बघायला चालू लागा. कुठंही गंगा अवतरली, की दुसरीकडं कुणाच्या तरी विहिरीची एक पायरी उघडी पडत असते. ती कुणाची, हे शोधायला बी.ए. लागत नाही. मोजता आलं की पुरतं.